माझा दोस्त श्रावण पाळायचा

संत्या (नाव बदललंय, लिहू का म्हणून त्याला विचारलं, मजकूर त्याने वाचला आणि दोन ठिकाणी 'हे जास्त होतंय' म्हणून खोडलाही) आणि मी आयटीआयपासूनचे. तो टर्नर, मी फिटर. आता दोघंही भोसरी एमआयडीसीत, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. तो व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सेटर आहे, मी क्वालिटीत. २०२३ ला मी रात्री दोन-दोन वाजता मोबाइलवर 'मित्राची दारू कशी सोडवावी' असं शोधत बसायचो. समोर यायच्या त्या पावडरींच्या जाहिराती. म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवतोय.

संत्या दरवर्षी श्रावण पाळायचा. गटारीला टाकी फुल, मग गणपती उठेपर्यंत थेंब नाही. आम्हा सगळ्यांकडे हा त्याचा पुरावाच होता. व्यसनी माणूस महिना-सव्वा महिना असा राहील का? मीही हेच म्हणायचो, त्याच्या बायकोला तर दोनदा म्हणालोय. २०२३ ला अधिक श्रावण आला. १७ जुलैला सोमवारी गटारी झाली, दुसऱ्या दिवशी अधिक महिना लागला आणि संत्या म्हणाला, "हा धोंड्याचा महिना, जावयाचा. यात सासऱ्याने सोडायची." सगळे हसले, मीपण. निज श्रावण लागला १७ ऑगस्टला. २१ ला नागपंचमी. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तोंडात मूठभर बडीशेप होती आणि बडीशेपेच्या मागे तो वास. चार दिवस. दरवर्षी चाळीस दिवस राहणारा माणूस चार दिवसांत मोडला, आणि मला वाटलं, घरी काही टेन्शन असेल.

मागे वळून बघताना खुणा रांगेत उभ्या दिसतात. सहा पेगनंतरही हा सरळ गाडी चालवतो याचं आम्हाला कौतुक होतं. न चढणं हीच शरीर सरावल्याची खूण असते, हे नंतर कळलं. फर्स्ट शिफ्ट नको म्हणायचा, कायम सेकंड मागून घ्यायचा. सकाळच्या साखरपुड्याला, मुंजीला यायचा नाही. दोन हजार, तीन हजार असे पैसे मागायचा आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं. पुढे जीपेची हिस्टरी काढून बेरीज केली तर वर्षभराचे ३८,५०० झाले. एकदा तर त्याच्या सुपरवायझरला मी स्वतः फोन करून सांगितलं होतं की त्याला डेंग्यू झालाय.

डोळे उघडले ते अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला. विसर्जनाचा दिवस म्हणजे ड्राय डे. सकाळी नऊला मंडळापाशी चहा आला, कागदी कपात. संत्याने कप हातात घेतलाच नाही. "ठेव तिथे, गरम आहे," म्हणाला. मग कप टेबलावर तसाच ठेवून खाली वाकला आणि ओठ लावून पहिला घोट घेतला, लहान मुलं बशीतून पितात तसा. दुसऱ्या घोटाला दोन्ही हातांनी उचलला, तर अर्धा चहा नव्या कुर्त्यावर. "गाडी नीट लावून येतो," म्हणून गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा हात स्थिर, चेहऱ्यावर तरतरी, ढोलाच्या तालावर बोटं नाचतायत. दुपारी पाऊस आला. रेनकोट काढायला मी त्याच्या गाडीची डिकी उघडली. आत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, त्यात पिवळसर काहीतरी, निम्मी संपलेली. झाकण काढून वास घेतला. ड्राय डे म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवलेली. 'उतारा', म्हणजे रात्रीची उतरवायला सकाळी परत थोडी घेणं, हा शब्द आम्ही विनोदात वापरायचो. त्या दिवशी तो डोळ्यांसमोर घडताना पाहिला. हा माणूस मजेसाठी पीत नव्हता. हात थांबावेत म्हणून पीत होता.

रविवारी, ८ ऑक्टोबरला, मी त्याच्याशी बोलायचं ठरवलं आणि पहिली चूक केली. एकट्याने धीर होईना म्हणून आणखी तिघांना घेऊन गेलो. झालं काय, तर त्याच्याच हॉलमध्ये पंचायत बसली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "गटारीला बाटली कोणी आणली होती रे?" मीच आणली होती. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

त्या रात्री वहिनींचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होत्या, बहुतेक बाल्कनीतून. "भाऊजी, तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. मी सहा महिने एकटीच आहे." त्यांनी जाहिरात बघून ३,५०० रुपयांची पावडर मागवली होती आणि दीड महिना त्याच्या आमटीत मिसळत होत्या. पाकिटावर काय लिहिलंय विचारलं तर नुसतंच '१०० टक्के आयुर्वेदिक'. कोणाची परवानगी, आत काय, काही नाही.

मग आम्ही दोघं, त्याच्याशिवायच, १४ ऑक्टोबरला शनिवारी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. फी ८०० रुपये, दोन तास बसलो. पेशंट आला नाही तरी घरच्यांना जाता येतं, हे मला माहीत नव्हतं. ज्यांना एवढंही जमत नसेल त्यांच्यासाठी सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. डॉक्टरांनी पावडर आधी बंद करायला लावली. अशा काही पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं, म्हणाले. हे औषध खरं आहे, पण ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, प्रसंगी रक्तदाब धोकादायक खाली जातो. म्हणून ते कधीही नकळत द्यायचं नसतं. माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच.

नंतर त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची चाचणी, चाळीसपैकी गुण. आठ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं, वीस किंवा जास्त म्हणजे बहुधा अवलंबित्व. वहिनींनी त्याच्या वतीने अंदाजाने भरला, २७ आले. एक कोरा कागद उरला होता तो मी खिशात घातला आणि रात्री बाथरूममध्ये बसून स्वतःचा भरला. माझे ९. बायकोला ते सांगायला मला तीन आठवडे लागले.

निघताना डॉक्टर एक वाक्य बोलले होते: "त्याला एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याने झटक्यात सोडली तर जिवावर बेतू शकतं." आम्ही दोघांनी मान डोलावली. घरी पोहोचलो तर काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, दुसऱ्या दिवशीच्या घटस्थापनेचा मुहूर्त धरून त्याच्याकडून देवीसमोर शपथ घेववायचं ठरवलेलं. १५ तारखेला सकाळी त्याने घटावर हात ठेवून शपथ घेतली. काकू रडल्या, वहिनी रडल्या, मला फोन आला आणि मीही डोळे पुसले. डॉक्टरांचं वाक्य आमच्या डोक्यात एक रात्रही टिकलं नव्हतं.

त्याच रात्री दीडला त्याला फिट आली. शेवटचा पेग शनिवारी रात्री दहाचा, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास झालेले. फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांतच जास्त असतो, हे ऐकलं तेव्हा सलाइन लागलेलं होतं. १०८ ची गाडी बोलावली. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. मी पोहोचलो तेव्हा शेजारच्या काकांच्या हातात चमचा तयार होता.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एकाने हळूच सल्ला दिला की हिस्टरीत दारूचं लिहू नका, क्लेमला त्रास होतो. खोटं कशाला बोलू, मोह झाला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने वाचवलं. तिने सरळ विचारलं, "रोज किती आणि शेवटची कधी?" मी सांगितलं. त्यावरच पुढचं सगळं ठरलं: लोराझेपाम (फिट आवरणारं औषध) आणि ग्लुकोजच्या आधी थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. हे लपवलं असतं तर फिटचं कारण शोधण्यात दिवस गेला असता. केसपेपरवर खरं लिहा.

१७ च्या संध्याकाळी त्याला भ्रम सुरू झाला. आधी चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागला. मग थोडा शांत झाला आणि दोन्ही हात हवेत उचलले. मी बघत राहिलो, हा काय करतोय. डाव्या हाताने काहीतरी धरलं, उजव्याने फिरवलं, मान तिरकी करून एक डोळा बारीक केला, अंगठ्याने कड तपासली, पुन्हा फिरवलं. तो जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, सेट करत होता. व्हाइसमध्ये (शिकंजात) जॉब बांधून सरळपणा मोजायचा डायल लावत होता. अर्धा तास, मन लावून, मशीन नसताना. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन पॉइंट आउट येतंय रे." म्हणजे जॉब किंचित तिरका बसलाय. बोटांना कंप होता, पण क्रम एकदाही चुकला नाही. वीस वर्षांत त्याच्या कामाकडे मी एवढं नीट कधी पाहिलं नव्हतं. रात्री हात बांधावे लागले, तेव्हा मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

२१ ला डिस्चार्ज. बिल ६२,४०० रुपये. क्लेम नामंजूर. मी भांडायच्या तयारीने पॉलिसीची पुस्तिका उघडली, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना विम्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरलंय, असं कुठेतरी वाचलं होतं. पण पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींची एक ठरीव यादी असते. त्यात 'एक्सक्ल १२' म्हणून दारू-ड्रग्जच्या व्यसनावरचे उपचार आणि त्यातून उद्भवणारं सगळं बाहेर ठेवलेलं. क्लेमच्या मागे दोन हेलपाटे घालण्याआधी ते पान वाचा. पैसे आम्ही चौघा मित्रांनी आणि वहिनींच्या भावाने मिळून भरले. संत्याच्या हातात मात्र एक रुपयाही दिला नाही, थेट काउंटरवर भरला. हे मी उशिरा शिकलो, पण शिकलो.

दारू शरीरातून गेली म्हणजे काम झालं नव्हतं, पुढे केंद्र शोधायचं होतं. पुण्यात मुक्तांगणचं नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला ते सुरू केलं तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत केली होती, हेही आम्ही सगळे कौतुकाने सांगतो. पण नाव ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या माणसासाठी कुठल्याही केंद्राला फोन लावणं वेगळं. बोट तीनदा नंबरवरून मागे आलं. मी पाच ठिकाणी चौकशी केली. एकाने फोनवरच सांगितलं, "तुम्ही काळजी सोडा, रात्री चार पोरं पाठवतो, उचलून आणतो. पस्तीस हजार." आत बघायला येऊ का विचारलं तर म्हणे, तशी पद्धत नाही. तिथेच फुली मारली. कायद्याने तसं उचलून नेता येत नाही. पेशंटची तयारी नसेल तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासून ठरवावं लागतं. आत जागा बघू देतात का, मानसोपचारतज्ज्ञ नेमके कधी येतात, घरच्यांना कधी भेटता येतं, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

निवडलेल्या केंद्रात दसऱ्यानंतर २५ ऑक्टोबरला पहिली मुलाखत आणि ३० ला बेड. मधले पाच दिवस फार वाईट गेले. गोळ्यांची स्ट्रिप वहिनींच्या पर्समध्ये, डोस रोज कमी होत जाणारा. दोन रात्री तो माझ्याकडे झोपला. बायको काही बोलली नाही, फक्त देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातली माझी बाटली तिने सिंकमध्ये ओतली आणि रिकामी काच ओट्यावर मला दिसेल अशी ठेवली.

या वेळी तो कसा तयार झाला, हे मला बरेच जण विचारतात. मी भाषण दिलं नाही. एकट्याने गेलो, सकाळी, चहा घेऊन. त्याला जॉब सेट करण्याची गोष्ट सांगितली, हातांनी करून दाखवली. तो बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. म्हणाला, "किती आउट होतं?" मी म्हणालो, "दोन पॉइंट." मग म्हणाला, "चल."

केंद्राने दोघांची आधार कार्डं, चार फोटो, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट (लिव्हरचे आकडे वाढलेले) आणि घरचं कोणीतरी दर आठवड्याच्या वर्गाला येईल असं लेखी मागितलं. ३५ दिवसांचे २१,००० रुपये, औषधं वेगळी. बॅग भरताना आफ्टरशेव्ह, माउथवॉश, खोकल्याचं औषध असलं काही घालू नका, गेटवर काढून घेतात. आमचं आफ्टरशेव्ह गेलं. फोनही आत चालत नाही.

कंपनीच्या रजेसाठी डॉक्टरांनी 'वैद्यकीय उपचारांसाठी दाखल' एवढंच सर्टिफिकेट दिलं. एचआरने आजाराचं नाव मागितलं. ती माहिती गोपनीय ठेवण्याचा पेशंटला हक्क आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. १४ दिवस रजेतले, बाकीचे बिनपगारी. सुपरवायझरला मी डेंग्यूच्या थापेबद्दल सॉरी म्हणायला गेलो तर तो म्हणाला, "वर्षात तीनदा डेंग्यू झाला तेव्हाच कळलं होतं. आणखी दोघांनीही डेंग्यूच सांगितला होता."

रविवारच्या वर्गात समुपदेशक बाईंनी पांघरूण हा शब्द वापरला. थंडी वाजते म्हणून आपण पांघरूण घालतो, आणि माणूस झोपून राहतो. आमच्याकडून याद्या लिहून घेतल्या: कोणी काय काय झाकलं. माझी यादी वहिनींच्या यादीपेक्षा लांब निघाली. त्यांनीच एक आकडा सांगितला. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकानेच कुठलातरी उपचार मिळाल्याचं सांगितलं होतं. खोलीत आम्ही साधारण तेवढेच होतो, सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

लक्ष्मीपूजन, १२ नोव्हेंबर, रविवारीच आलं. आधी विचारून सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा चिवडा नेला. संत्याचं वजन वाढलं होतं. त्याने कप एका हातात धरला होता. मी ते पाहिलं, आणि मी पाहतोय हे त्याने पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

४ डिसेंबरला बाहेर आला. डायसल्फिराम सुरू झालं, या वेळी त्याच्या सहीने. रोज सकाळी वहिनींसमोर गोळी घ्यायची. आणि एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) मीटिंगा, आठवड्यातून तीन संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात. खुल्या मीटिंगला मीही दोनदा गेलो. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे मुडपून बसलेली, कोणी ड्रायव्हर, कोणी बँकेतला, फळ्यावर कोणाचा तरी उरलेला भागाकार. फी नाही, डबा फिरतो, वाटलं तर टाका. 'फक्त आजचा दिवस' हे वाक्य तिथे इतक्यांदा ऐकलं की पहिल्या दिवशी कंटाळलो. आता शिफ्टला जाताना मीच म्हणतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मार्चच्या सुरुवातीला त्याने 'आता बरं आहे' म्हणून गोळी थांबवली, वहिनींना सांगितलं की डॉक्टरांनी बंद केली. २५ मार्चला धुळवड. रात्री अकराला फोन, आवाजावरूनच कळलं. "तीन घेतल्या रे." मला प्रचंड राग आला. बासष्ट हजार, एकवीस हजार, बिनपगारी दिवस, सगळे आकडे डोक्यात फिरले. पण वर्गात शिकवलं होतं की पिलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. मी एवढंच विचारलं, "कुठे आहेस, गाडी चालवू नकोस." मी आणायला गेलो नाही. त्याने एएतल्या ज्या जुन्या माणसाचा हात धरलाय त्यांना फोन केला, ते गेले. सकाळी नऊला तो स्वतःहून डॉक्टरांकडे रांगेत बसला होता. मागच्या वेळी थांबायला सहा वर्षं लागली होती, या वेळी एक रात्र. डॉक्टरांनी वहीत एक नवी तारीख टाकली: २६ मार्च.

आमचा कट्टा परमिट रूमवरून आकुर्डीतल्या अमृततुल्यवर सरकलाय. दोन मित्र गळाले, त्यांना चहावर बसवत नाही. मी पूर्ण सोडलीये असं म्हणणार नाही. पण त्याच्यासमोर नाही, घरात नाही, आणि तो कागद मी दर तीन महिन्यांनी भरतो. गेल्या वेळी ३ आले.

२०२४ ला गटारी ४ ऑगस्टला आली, रविवारी. संत्यानेच फोन करून मटण खायला बोलावलं. ताटात तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. काकूंनी विचारलं, "उद्यापासून श्रावण. यंदा काय सोडणार आहेस?" तो नळी फोडत होता. म्हणाला, "आता सोडायला मटणच राहिलंय माझ्याकडे," आणि अजून एक भाकरी मागितली.